अक्षर आणि अंक हत्याराबरोबरच यावेत

(प्रौढशिक्षण कार्यकर्ते, प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



प्रौढ साक्षरतेविषयी बोलताना आपण बहुधा अक्षरापासून आरंभ करतो. मी आज वाळूच्या ट्रॉलीपासून आरंभ करणार आहे. वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब व ५ फूट रुंद ट्रॉली २ फूट उंच भरली म्हणजे एक ब्रास होतो. तीच दीड फूट भरली तर पाऊणच ब्रास होतो. ज्या घरमालकाला हा हिशेब येत नाही, तो पाऊण ब्रास वाळू घेऊन पूर्ण ब्रासचे पैसे मोजतो. उलट, ब्रासवर मजुरी ठरलेल्या मजुराने पूर्ण ब्रास भरला आणि वहीत पाऊण लिहिला गेला, तर त्याची चौथाई मजुरी बुडते. आणि त्या नोंदीखाली अंगठा मात्र त्याचाच असतो. निरक्षरतेची किंमत अशी रोज मोजली जाते.

निरक्षर म्हणजे अज्ञानी नव्हे

शाळेची पायरी न चढलेला गवंडी दोरीवर तीन, चार व पाच हात मोजून पायाचा काटकोन अचूक साधतो. सुताराला इंचाचे आठ सूत तोंडपाठ असतात. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत असे. गणित या लोकांच्या हातात व तोंडात आहे. ते कागदावर उतरलेले नाही, एवढेच. अशा माणसाला बालवाचनमालेतील धडे देणे हा त्याच्या अनुभवाचा अनादर होय. त्याचा धडा त्याच्या कामातूनच निघाला पाहिजे.

शिवणवर्गाचे उदाहरण घ्या. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची हे पहिले पाच शब्द. मापाच्या टेपवर अंकांची ओळख होते. छाती ३६ इंच, तिचा चौथा हिस्सा ९ इंच, अधिक शिवणीसाठी जादा कापड, हा भागाकार व बेरजेचा पाठ. गिऱ्हाईकाचे नाव व मापे वहीत लिहिणे हे लेखन, आणि पावती करणे हा हिशेब. फवारणीचेही तसेच. लिटरला २ मिलिलिटर औषध, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिलिलिटर. येथे गुणाकार चुकला तर पीक किंवा माणूस, कोणीही धोक्यात येऊ शकते.

मागील अनुभव

हा विचार नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर करण्याचा तो उत्साह अपूर्व होता. तथापि, वापरात न राहिलेले अक्षर पुसले जाते, हे अशा मोहिमांनी शिकविले. १९६७ साली मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले. कामगाराचे शिक्षण त्याच्या कामाशी जोडणे हा त्याचा हेतू होता. २००० साली अशा संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमानेही साक्षरतेला व्यवहारोपयोगी कौशल्याची जोड दिली होती. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाबरोबर व्यवसाय-कौशल्याचाही अंतर्भाव आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता ८२.३४ टक्के होती, स्त्रियांची ७५.८७ टक्के. म्हणजे सात वर्षे व त्यावरील दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चोवीस निरक्षर होत्या.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट प्रवेशाची. अनेक व्यवसाय-अभ्यासक्रमांना आठवी किंवा दहावीची अट असते. ज्याला प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर राहतो. जन शिक्षण संस्थाने निरक्षर व नवसाक्षर यांनाही प्रवेश देतात. गावातील प्रशिक्षणवर्गांनीही हेच धोरण ठेवावे.

दुसरी गोष्ट शिकविणाऱ्यांची. कारागिराला अध्यापनाची सवय नसते आणि शिक्षकाला हत्याराची. दोघांनी एकत्र बसून आठवड्याचे काम ठरवावे. त्या कामात कोणते शब्द व कोणता हिशेब येतो, ते शिक्षकाने टिपून घ्यावे. पाठ त्यातूनच तयार होईल.

तिसरी गोष्ट वेळेची. सुगीच्या दिवसांत वर्ग भरणार नाही, आणि स्वयंपाकाच्या वेळी भगिनी येणार नाहीत. वर्गाची वेळ शिकणाऱ्यांना विचारून ठरवावी. जागा, दिवा व पाणी यांची व्यवस्था पंचायतीने करावी.

शेवटची गोष्ट कसोटीची. किती जणांना सही करता येते, एवढ्यावर समाधान मानू नये. शिवणकाम शिकलेल्या भगिनीने स्वतः पावती केली काय, गवंड्याने साहित्याची यादी लिहिली काय, मजुराने आपली नोंद वाचून चूक दाखविली काय, हे पाहावे.

ज्या दिवशी तो मजूर अंगठ्याची शाई बाजूला सारून म्हणेल, “थांबा, आधी आकडा वाचू द्या,” त्या दिवशी आपला वर्ग यशस्वी झाला असे मी मानेन. ते काम आपण सर्वांनी हाती घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.