वायफाय विचारतं, विश्वास ठेवायचा का?

आज गटाच्या हिशेबाचं नाही, ऑफिसातल्या वायफायचं बोलायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आता सीआरपी, बँक सखी, प्रभागसंघाच्या लेखापाल म्हणून काम करतात. काही ऑफिसांत वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो, प्रत्येकीला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. तो टाकला की फोन अडून बसतो: सर्टिफिकेट ओळखीचं नाही, विश्वास ठेवायचा का? शेजारचं कोणीतरी म्हणतं, "दाबा हो ताई, सगळे तेच करतात." प्रशिक्षणात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्यावरच बोलायचं ठरवलं.

फोन बिघडलेला नसतो. गटाचं खातं उघडताना आपण अध्यक्ष-सचिवांच्या सह्यांचे नमुने बँकेत देतो. पैसे काढताना स्लिपवरची सही त्या नमुन्याशी ताडून बघतात. नमुनाच नसेल तर खरी सहीसुद्धा खरी म्हणता येत नाही. इथेही तसंच. ऑफिसची यंत्रणा आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र दाखवते. त्यावरच्या शिक्क्याचा नमुना फोनमध्ये नसला की फोन विचारतो. बरीच ऑफिसं हा शिक्का स्वतःच तयार करतात, म्हणून फोनला तो माहीत नसतो.

मग दाबलं तर बिघडलं कुठं? वायफायला नाव कोणीही कोणतंही देऊ शकतं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून कोणी तुमच्या ऑफिसच्याच नावाचं वायफाय सुरू केलं, तर यादीत दोन्ही सारखीच दिसतात. तिथे विश्वास ठेवला तर पासवर्ड चोराच्या हाती लागू शकतो. आणि अनेक ठिकाणी तोच पासवर्ड ईमेललाही असतो, नोंदींनाही.

आधी तारीख बघा. जुन्या कॉम्प्युटरमधली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही चुकीचं ठरतं. तारीख बरोबर असेल तर सर्टिफिकेटवरचं नाव आणि मुदत वाचा. मुदत संपली असेल तर ते नवं करणं ऑफिसचं काम, तुमचं नाही. कालपर्यंत चालत होतं आणि आज अचानक विचारतंय, तर सर्टिफिकेट बदललं असेल. पदाधिकारी बदलले की आपण बँकेत ठराव देतो, तशी सूचना ऑफिसने द्यायला हवी. नाही दिली तर वायफाय सांभाळणाऱ्यांना समोर जाऊन विचारा: सर्टिफिकेटवर नाव काय असायला हवं? फोनमध्ये फाइल टाकायची असेल तर त्यांच्याकडूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली नको.

अँड्रॉइडमध्ये 'सीए सर्टिफिकेट' अशी ओळ येते. जुन्या फोनांत तिथे 'डू नॉट व्हॅलिडेट' असतं, म्हणजे तपासूच नका. अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनांतून ते गेलं. नवा फोन घेतल्यावर जुनी युक्ती चालत नाही म्हणून कुरकुर होते, पण आम्हाला विचाराल तर गेलं ते बरंच झालं. नवे फोन 'डोमेन' विचारतात, ते ऑफिसने दिलंय तसंच, अक्षर न चुकता लिहा.

कोणी आधीच 'ट्रस्ट' दाबलं असेल आणि वायफाय ऑफिसचंच होतं याची खात्री नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन त्या नावावर 'फरगेट' करा, मोबाइल डेटा चालू करून पासवर्ड बदला आणि ऑफिसात त्याच दिवशी सांगा.