अंत्ययात्रेला वाट



पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही हे दृश्य आठवेल. पेठेतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी रामनामाचा आवाज येतो. पुढे मडके हाती धरलेला मुलगा, मागे तिरडी, तिच्यामागे सोयरे आणि शेजारी. ओट्यावर गप्पा मारीत बसलेली माणसे उठून उभी राहतात. डोक्यावरची टोपी हातात येते, पायांतल्या चपला बाजूला होतात. वाणी तराजू खाली ठेवतो आणि दुकानाचे दार अर्धे ओढून घेतो. सायकलवरून चाललेला माणूस उतरून कडेला होतो. समोरून लग्नाची वरात आली, तर बँड थांबतो आणि नवरदेवाच्या घोड्याला बाजूला घेतले जाते. तिरडी पुढे सरकली की जोडलेले हात सुटतात. एखादा चार पावले मागोमाग चालतो आणि परत फिरतो. ‘कोण गेले?’ हा प्रश्न विचारलाच, तर तो नंतर, यात्रा वळणाआड गेल्यावर.

या रीतीला धड नावसुद्धा नाही. गृह्यसूत्रांमध्ये अंत्येष्टीचे विधी सांगितले आहेत. पण ते मृताच्या पुत्राने आणि आप्तांनी करावयाचे. रस्त्यावरच्या परक्या माणसाने काय करावे, हे समाजाने आपले आपणच ठरविले. प्रवासाला निघताना प्रेतयात्रा समोर आली तर तो शुभशकुन, अशीही एक समजूत आहे. तिच्यापायी हात जोडणारे असतीलही. त्यांचा हिशेब निराळा. बाकीच्यांच्या थांबण्यात लाभाचा विचार नसतो. खेड्यात ‘मातीला जाणे’ हे चुकवू नये असे मानतात. लग्नाला बोलावणे लागते, मातीला लागत नाही. ज्याला जाणे जमत नाही, तो निदान वाटेवर उभा राहतो.

सिद्धार्थ गौतमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. वृद्ध, रोगी आणि त्यानंतर प्रेत, अशी दृश्ये त्याला नगराच्या रस्त्यावर दिसली. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त या प्रसंगाचा एक तपशील आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. प्रेत पाहून राजपुत्र रथ मागे फिरविण्यास सांगतो. सारथी मात्र राजाज्ञेप्रमाणे रथ तसाच पुढे उद्यानाकडे हाकतो. आजच्या शहरी जीवनाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण. मनाला क्षणभर थांबावेसे वाटते, पण रथ उद्यानाकडेच जावयाचा असतो.

मोठ्या माणसासाठी थांबणे तुलनेने सोपे असते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, तेव्हा भर पावसात मुंबई रस्त्यावर उतरली आणि सरदारगृहापासून गिरगाव चौपाटीपर्यंत माणसांची रीघ लागली. १९९९ च्या कारगिल युद्धात हुतात्म्यांची पार्थिवे त्यांच्या गावी पोहोचविण्यात आली, तेव्हा अवघी गावे वेशीवर आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलेले कर्नल संतोष महाडिक यांना निरोप देण्यासाठी साताऱ्याजवळच्या पोगरवाडीत हजारो लोक जमले. इंग्लंडमधील वूटन बॅसेट या लहानशा गावातही असेच घडले. अफगाणिस्तान आणि इराक येथे पडलेल्या सैनिकांच्या शवपेट्या २००७ ते २०११ या काळात जवळच्या विमानतळावरून याच गावातून नेल्या जात. सरकारी आदेश नव्हता. सुरुवातीला काही माजी सैनिक कडेला उभे राहिले. पुढे सारे गाव उभे राहू लागले. २०११ मध्ये त्या गावाच्या नावामागे ‘रॉयल’ हा बहुमान लागला.

पण जिचे नाव वर्तमानपत्रात छापून येत नाही, अशा म्हातारीच्या तिरडीसाठी कोण थांबते? खरी कसोटी तिथे आहे. शहरांत तिरडीची जागा शववाहिनीने घेतली. गाडीच्या काचा बंद असतात, रामनाम ऐकू येत नाही, सिग्नल हिरवा होतो आणि मागचा हॉर्न वाजवितो. मोटार चालविणाऱ्याने भर रहदारीत मध्येच थांबावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्याने अपघातच होतील. पण हॉर्न न वाजविणे, गाडीच्या रांगेत घुसून ती न तोडणे, पदपथावर असू तर दोन क्षण उभे राहणे यांत अडचण ती कोणती? रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीने दहा हजार रुपये दंड ठेवला आहे. शववाहिनीला वाट देण्यासाठी दंडाची वाट पाहावी काय?

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. थांबणे वेगळे आणि थांबविणे वेगळे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या इच्छापत्रात लिहून ठेविले होते की, त्यांच्या निधनानिमित्त हरताळ पाळू नये, दुकाने बंद ठेवू नयेत, देह माणसांच्या खांद्यावरून न नेता यांत्रिक वाहनातून न्यावा आणि विद्युतदाहिनीत दहन करावे. फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईच्या चंदनवाडीत त्याप्रमाणे दहन झाले. रस्त्यावर लोटलेली माणसे मात्र कोणाच्या हुकमाने आली नव्हती. नेता गेला म्हणून दगड मारून दुकाने बंद करविणाऱ्यांनी हे इच्छापत्र जरूर वाचावे.

आता अधिक अवघड गोष्ट. तिरडी कोणाची, हे न विचारता हात जोडणारा समाज ती तिरडी कोणत्या वाटेने आणि कोणत्या स्मशानात जाते, हे मात्र विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलित कुटुंबाला शेतातून वाट नाकारण्यात आली. पालार नदीवरील पुलावरून ते पार्थिव दोरांनी खाली सोडावे लागले. चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत करोनाने गेलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला जमावाने विरोध केला आणि शववाहिनीवर दगड फेकले. ज्याने रोग्यांची सेवा केली, त्याला अखेर त्याच्या सहकाऱ्यांनी रात्री घाईघाईने मातीआड केले.

हे दूरच्या प्रांतातले म्हणून सुटका करून घेता येणार नाही. महाराष्ट्रातही जातवार स्मशाने असलेली गावे आहेत. एकाला पत्र्याचा निवारा आणि सिमेंटचा कट्टा, दुसऱ्याला ओढ्याकाठची उघडी जागा. पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही आणि प्रेत तासन्‌तास पडून राहते. ‘एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान’ ही घोषणा संघाच्या बैठकांतून अनेकदा दिली गेली. मंदिराचे दार उघडल्याचे समारंभ होतात, छायाचित्रे निघतात. स्मशानाच्या बाबतीत समारंभाची सोय नाही. म्हणूनच कदाचित ते काम मागे पडते. भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमान्वये अंत्यविधीस जमलेल्यांना जाणूनबुजून उपद्रव देणे हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत हेच कलम २९७ होते. पण ज्या गावात दलित कुटुंबाने सार्वजनिक स्मशानाचा विचारच करू नये असा अलिखित दंडक आहे, तिथे उपद्रव होत नाही आणि गुन्हाही नोंदला जात नाही. सारे सुरळीत चालले आहे, असेच गाव सांगते.

तेव्हा सज्जनहो, येथून आपापल्या गावी परतल्यावर एक लहानसे काम करावे. गावच्या वेशीपासून स्मशानापर्यंतची वाट एकदा पायी चालून पाहावी. तिरडीच्या विसाव्याची जागा शाबूत आहे का, निवाऱ्याचे पत्रे उडाले आहेत का, पावसाळ्यात ओढा ओलांडता येतो का, हे पाहावे. ती वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि तो बांध कोणाच्या तिरडीला बंद आहे, याची चौकशी करावी. मागल्या पावसाळ्यात दुसऱ्या वस्तीतल्या मयताला कोठे नेले, हे त्या वस्तीत जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून विचारावे.