नागपूरला पेशंट नेताना

आमच्या गावांतून पेशंट नागपूरला रेफर केला, की सोबत जाणारीला शहराचीच धास्ती वाटते. म्हणून आम्ही गटातल्या बाया हे सांगतो.

निघण्याआधी विचारा, 'मेडिकल'ला जायचं की 'मेयो'ला? दोन्ही सरकारी दवाखाने, पण वेगवेगळ्या भागांत. मेयो रेल्वे स्टेशनजवळ, मेडिकल अजनीकडे. नाव चिठ्ठीवर लिहून घ्या.

एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. गणेशपेठला उतरल्यावर भाडं ठरवूनच ऑटोत बसा.

आधार, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड एका पिशवीत ठेवा, झेरॉक्ससह. महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला विचारा. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सतरंजी, चादर, पाण्याची बाटली, मुरमुरे घ्या. पैसे दोन ठिकाणी ठेवा. मोबाईल बंद पडतो, म्हणून घरचा नंबर कागदावरही लिहा.

आणि गोंडी, माडिया बोलणाऱ्या बाईला एकटी पाठवू नका. डॉक्टर काय म्हणाले, हे तिला कळलंच पाहिजे. मराठी समजणारी एक बाई गटातून सोबत द्या. तिच्या तिकिटाचे पैसे आपण सगळ्या मिळून काढू.