'यशस्वी' म्हटल्यानंतरचं काम

बाजार समितीची मंडळी, सेवा केंद्रांचे चालक, आणि रोटेगाव-संभाजीनगरहून रेल्वेनं, गंगापूरहून एसटीनं आलेल्या माझ्या प्रोग्रामर मित्रमैत्रिणींनो,

प्रोग्रामरांच्या परिषदा एरवी हिंजवडीत भरतात. तुम्ही ती लासूर स्टेशनला घेतलीत, हे फार बरं केलंत. वेब अ‍ॅप्लिकेशनच्या पडद्यामागे चालणारं काम फसलं की तिकडे डॅशबोर्डवर एक आकडा वाढतो. इथे कांद्याचा लिलाव सोडून आलेला शेतकरी सेवा केंद्राच्या काउंटरवर पावती आपटतो आणि विचारतो, "फॉर्म गेला म्हणाला होतास ना?"

फॉर्म गेलेलाच असतो, अडचण तिथे नाहीच. बटण दाबलं की सर्व्हर नोंद घेतो, पुढचं काम रांगेत टाकतो आणि लगेच हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणून मोकळा होतो. आधार पडताळणं, बँकेकडे माहिती धाडणं, एसएमएस पाठवणं ही खरी कामं नंतर 'वर्कर' नावाचा वेगळा प्रोग्राम करतो, आणि तो आडवा झाला तरी ती हिरवी अक्षरं हिरवीच राहतात.

2017 आठवा. जूनमध्ये राज्यात शेतकऱ्यांना दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइन मागवले गेले, केंद्रांबाहेर रांगा लागल्या. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली, आणि मग याद्यांमधला घोळ बाहेर आला. वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक! लोकांनी सर्व्हरला शिव्या घातल्या. मला विचाराल तर सर्व्हर त्यातल्या त्यात निर्दोष होता. बँकांकडून आलेली माहिती अर्जांशी जुळवण्याचं काम मागे चालू होतं, आणि 'हा क्रमांक आधी येऊन गेलाय, थांब' असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन पेपर तपासणी रखडली आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं. म्हणजे हा विषय निव्वळ तांत्रिक आहे, असं कुणी समजू नये.

आता दुरुस्तीकडे येतो. फसलेलं काम दिसलं की आपला हात आधी 'रिट्राय'कडे, म्हणजे तेच काम पुन्हा चालवण्याकडे जातो. तो हात आवरा. आधी काम नेमकं कुठे थांबलं ते बघा. ते रांगेत गेलंच नाही, रांगेत पडून आहे, वर्करनं उचलून अर्ध्यावर टाकलं, की पूर्ण झालं आणि फक्त नोंद राहिली? या प्रत्येक दुखण्याचं औषध वेगळं आहे.

सगळ्यात फसवा प्रकार अर्ध्यावर टाकलेल्या कामाचा. लॉग उघडावा तर शेवटची ओळ 'काम सुरू', आणि त्यानंतर काहीच नाही. एररसुद्धा नाही. अशा वेळी कोड वाचत बसू नका, मेमरी बघा. हजारो ओळींची एक्सेल एकदम उघडायला गेलेल्या वर्करला लिनक्सनं परस्पर मारलेलं असतं. मेलेल्याला लॉग लिहायला सवड मिळत नाही. मागे 137 हा एक्झिट कोड तेवढा राहतो. रांगेतली कामं चालवायला तुम्ही 'सेलरी' वापरत असाल तर आणखी एक गंमत आहे. मुळात ती काम हातात घेतानाच 'पोचलं' अशी पोच देऊन टाकते, त्यामुळे वर्करबरोबर कामही जातं. पोच काम संपल्यावर देण्याची सोय आहे, पण मग रांग रेडिसवर असेल तर तिथली एक तासाची मुदत लक्षात ठेवा. तासात पोच आली नाही तर तेच काम दुसऱ्या वर्करला मिळतं. एसएमएस दोनदा गेला तर माणूस हसेल, पण अनुदान दोनदा गेलं तर वसुलीची नोटीस त्याच्याच घरी जाईल. म्हणून प्रत्येक अर्जाला एक न बदलणारा क्रमांक हवा, आणि पैसे सोडण्याआधी 'हे झालंय का' हा प्रश्न हवाच.

'रेकॉर्ड सापडत नाही' अशी एरर येते आणि दुसऱ्या वेळी काम आपोआप होतं, तेव्हा आपण नेटवर्कवर बिल फाडतो. बहुधा डेटाबेसमध्ये नोंद पक्की होण्याआधीच आपण काम रांगेत ढकललेलं असतं आणि वर्कर आपल्यापेक्षा चपळ निघतो. जँगो या फ्रेमवर्कमध्ये यासाठी 'ऑन कमिट' ही सोय आहे, ती वापरा. आणि रात्री बाराचं काम रोज पहाटे साडेपाचला होत असेल, तर सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं आहे, एवढंच.

रिट्रायला माझा विरोध नाही. सेलरीसारखंच रांगेतली कामं चालवणारं साइडकिक मुळात 25 वेळा प्रयत्न करतं, तेही अंतर वाढवत वाढवत, जवळपास तीन आठवडे. बँकेचा सर्व्हर बंद असेल तर हे उत्तमच. पण सातबाऱ्यावर 'बाबुराव' आणि आधारवर 'बाबूराव' असेल, तर पंचविसाव्या वेळी ऱ्हस्व उकार दीर्घ होणार नाही. वजनकाट्यावर एखाद्या ट्रॅक्टरचा आस मोडला तर आपण तो ढकलून बाजूला घेतो, मागच्या गाड्या अडवून ठेवत नाही. तसं हे काम बाजूला काढा, पण रोज कुणीतरी बघेल अशा जागी. साइडकिकमधली मेलेली कामं सहा महिन्यांनी आपोआप पुसली जातात, आणि त्यांच्याबरोबर बाबूरावही.

आता माणसाला पडद्यावर काय दिसतं, त्याकडे येतो. शेतकऱ्यानं फोनवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठवायची आणि नंतर अपलोड करायची, ही त्यातली सोय मला मनापासून आवडते. ज्यानं ती आखली त्याला शिवारं ठाऊक होती. पण 'साठवलं' आणि 'पोचलं' यांतला फरक बांधावर उभ्या माणसाला ठळक दिसला पाहिजे. आपल्या सगळ्याच पोर्टलांकडे माझी हीच मागणी आहे. 'यशस्वी' हा शब्द पहिल्या पडद्यावरून काढा. तिथे लिहा, 'अर्ज मिळाला, बँकेची पडताळणी बाकी.' काम अडलं तर सेवा केंद्रातल्या मुलीला कारण मराठीत दिसू द्या, म्हणजे ती समोरच्याला 'सर्व्हर डाऊन' न सांगता 'तुमच्या नावात फरक आहे, हा कागद आणा' असं सांगेल.

दुपारच्या सत्रात प्रत्येकानं आपल्या सिस्टीममधलं एक अडकलेलं काम लॉगसकट घेऊन बसावं, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दिसायचं वाक्य तिथेच लिहावं. केंद्रचालकांनी ते वाचून बघावं. त्यांना कळलं नाही, तर परत लिहावं.