माणसे बसलेला अग्निबाण
(सेमाडोह येथील विद्यार्थी-पालक शिबिरात केलेले भाषण)



सेमाडोहच्या शिबिरात आपण कशावर बोलणार, असे मला विचारण्यात आले तेव्हा मी थोडा विचारात पडलो. वाघ, सागवान आणि सिपना नदी यांची माहिती देणारी वनखात्याची माणसे येथे आहेत आणि ती ते काम माझ्यापेक्षा चांगले करतील. पण मेळघाटात रात्री मान वर केली की जे आकाश दिसते, ते अमरावती-अकोल्याच्या दिव्यांच्या झगमगाटात आता दिसत नाही. म्हणून मी वरचाच विषय घेतला आहे. माणसे आत बसलेली असताना अग्निबाण सुटतो, तो पाहताना आपल्याला काय होते आणि का होते, हे मला सांगायचे आहे.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी पाडवा होता आणि रमजानचा चांद पाहण्यासाठी कित्येक जण गच्चीवर चढले होते. चांद दिसला. त्यानंतर, पावणेआठच्या सुमारास, पेटत्या रेघांचा एक जथा आकाशातून सावकाश सरकत गेला. विदर्भभर लोकांनी तो पाहिला. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. एका चिनी अग्निबाणाचा वापरून झालेला टप्पा वातावरणात शिरून जळाला, असा अभ्यासकांनी निष्कर्ष काढला.

तो अग्निबाणाचा शेवट होता आणि त्यात कोणीही नव्हते. तरीदेखील बघणाऱ्यांच्या छातीत धडकी भरली. मग ज्याच्या टोकाशी तीन-चार जिवंत माणसे बसली आहेत, तो अग्निबाण सुटताना पाहणाऱ्याचे काय होत असेल?

पाहणारा मनुष्य पाच-सहा किलोमीटर दूर उभा असतो. प्रथम फक्त उजेड दिसतो. आवाज काहीच नाही. अग्निबाण जागेवरून हलतो, वर चढू लागतो, तरी शांतताच. मेळघाटच्या डोंगरात वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, तसा हा आवाज पंधरा-वीस सेकंदांनी येऊन पोहोचतो आणि तो कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतो. आतली माणसे पाठीवर उताणी झोपलेली असतात, कारण वेग वाढताना शरीरावर येणारा भार त्या स्थितीत सोसता येतो. त्यांच्या पाठीखाली शेकडो टन वजनाचे यंत्र असते आणि त्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग म्हणजे निव्वळ इंधन. सुमारे नऊ मिनिटांत त्यांचा वेग ताशी २८,००० किलोमीटरच्या आसपास जातो. सेमाडोहहून मुंबई गाठायला त्या वेगाने दीड मिनिटही लागणार नाही.

आता आपल्या राकेश शर्मांची हकिकत ऐका. ३ एप्रिल १९८४ रोजी, आपल्याकडे दिवेलागणीची वेळ होती, भारतीय वेळेप्रमाणे सहा वाजून अडतीस मिनिटांनी, बैकानूरहून सोयूझ टी-११ यान सुटले. इंदिराजींनी वरून भारत कसा दिसतो असे विचारले आणि शर्मांनी इक्बालच्या तराण्यातील शब्दांत उत्तर दिले, हे सर्वांना पाठ आहे. परंतु त्यांच्या शेजारी कोण बसले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

यानाचे प्रमुख होते युरी मालिशेव आणि अभियंते होते गेनादी स्त्रेकालोव. हे स्त्रेकालोव एप्रिल १९८३ मध्ये साल्युत-७ स्थानकाकडे निघाले होते, पण यान स्थानकाला जोडता आले नाही आणि त्यांना परतावे लागले. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ते व्लादिमीर तितोव यांच्यासह पुन्हा अग्निबाणात बसले. सुटण्याला जेमतेम दीड मिनिट उरले असताना तळाशी आग लागली. आगीने तारा जळाल्या, त्यामुळे सुटकेची यंत्रणा आपोआप चालेना. नियंत्रण कक्षातील लोकांनी रेडिओवरून आज्ञा दिली. टोकावरच्या छोट्या अग्निबाणाने दोघांची कुपी उपटून आकाशात नेली आणि काही क्षणांत खालचा प्रचंड अग्निबाण स्फोटात नष्ट झाला. कुपी सुमारे चार किलोमीटरवर पॅराशूटने उतरली. दोघेही वाचले. सोव्हिएत सरकारने त्या वेळी ही गोष्ट जाहीर केली नाही.

त्यानंतर सव्वासहा महिन्यांनी तोच मनुष्य तशाच अग्निबाणात, आपल्या राकेश शर्मांच्या शेजारी, पुन्हा पाठीवर झोपला आणि या वेळी साल्युत-७ वर जाऊन पोहोचला. मला हे उड्डाणापेक्षाही मोठे वाटते.

याला केवळ धाडस म्हणून चालणार नाही. वेळ आलीच तर माणूस कसा वाचवायचा, याची तजवीज आधी करून ठेवलेली होती, म्हणून स्त्रेकालोव दुसऱ्यांदा बसू शकले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे इस्रोने गगनयानासाठी नेमकी हीच सुटकेची व्यवस्था तपासली. कुपीत कोणी नव्हते. हवेमुळे आधीच उशीर झाला होता, आणि सुटायला पाच सेकंद असताना संगणकाने सारे थांबविले. चूक शोधली, दुरुस्त केली, दहा वाजता पुन्हा सोडले आणि कुपी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. शुभांशु शुक्ला यांचे उड्डाण तर २०२५ च्या मे-जूनमध्ये पुनःपुन्हा पुढे ढकलले गेले. कधी हवा प्रतिकूल, कधी अग्निबाणात द्रव प्राणवायूची गळती. अखेर २५ जूनला दुपारी बारा वाजून एक मिनिटाने, भारतीय वेळेप्रमाणे, ते अमेरिकेतून निघाले. त्यांच्या लखनौच्या शाळेत त्यांचे आईवडील शेकडो मुलांसह पडद्याकडे पाहत बसले होते. अग्निबाण वर गेला तेव्हा मुले ओरडत होती आणि आईच्या डोळ्यांना पाणी होते.

पालकहो, त्या आईच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा. आपण मुलीला बारावीनंतर पुण्याला किंवा नागपूरला पाठवायचे म्हटले की रात्रभर झोप येत नाही. ही भीती खोटी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. ज्यांनी सुटकेचा अग्निबाण बांधला त्यांनाही भीती वाटत होतीच, त्या भीतीनेच त्यांना तो बांधायला लावला. तेव्हा मुलीला घरी बसविण्याऐवजी कागद-पेन्सिल घ्या. गाडी कोणती, उतरवून घ्यायला स्टेशनवर कोण, होस्टेल कोणाच्या देखरेखीखाली, पैसे संपले तर फोन कोणाला, आजारी पडली तर त्या गावात आपले कोण, हे सगळे लिहून काढा. एखादी गोष्ट जुळत नसेल तर एक वर्ष थांबा. थांबायला हरकत नाही, उड्डाण रद्द करू नका.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला हे दोघेही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. गगनयानासाठी निवडलेले चौघेही तेथलेच. प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घ्यावे लागते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतील सतरा मुली बाहेर पडल्या. आणि ज्यांचा ओढा कारखान्याकडे आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी आवरणे आपल्या वालचंदनगरात घडतात. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला कोणी कमी लेखत असेल तर त्याला सांगा की त्या सांध्यावर माणसांचा जीव असतो.

सेमाडोहहून आपल्याला अग्निबाण सुटताना दिसणार नाही, ना बैकानूरचा, ना श्रीहरिकोट्याचा. पण त्यातून गेलेली माणसे जेथे राहतात ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक मात्र येथून नुसत्या डोळ्यांनी दिसते. ते सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. केव्हा दिसेल त्याच्या वेळा नासा आगाऊ देते, त्या शिक्षकांकडून मागून घ्या. सूर्यास्तानंतरच्या तासा-दीड तासात किंवा पहाटे, पश्चिमेच्या अंगाने, एक ठळक ठिपका वर येतो. तो लुकलुकत नाही, विमानासारखे तांबडे-हिरवे दिवे त्याला नसतात आणि आवाजही नसतो. चार-पाच मिनिटांत तो पूर्वेकडे जातो, कधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझल्यासारखा नाहीसा होतो. बाहेर पडण्यापूर्वी दहा मिनिटे टॉर्च आणि मोबाईल बंद ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. वनखात्याच्या आवाराबाहेर मात्र कोणीही जाऊ नये.