ग्रंथनिवड : यंत्राची बुद्धी की अर्थाचे शास्त्र?

(चिंचवड येथील एका वाचनालयाच्या वाचकमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



यंदाच्या ग्रंथखरेदीवरून आपल्यात वाद झाला, असे कार्यवाहांनी मला सांगितले. तरुण सभासदांना कृत्रिम बुद्धिमत्तेवरील पुस्तके हवी आहेत. ज्येष्ठांचा आग्रह अभिजात अर्थशास्त्राच्या ग्रंथांचा आहे. निधी तुटपुंजा आहे. मला या वादाचा आनंद वाटला. ग्रंथांवरून भांडणारा समाज जिवंत असतो.

तरुणांची मागणी उथळ नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता मोरया गोसावींच्या चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यात आज वेल्डिंग यंत्रमानव करतो, सुट्या भागातील दोष कॅमेरा शोधतो. ठेकेदाराकडे काम करून घराचा हप्ता फेडणाऱ्या तरुणाला 'उद्या माझे काम राहील का?' हा प्रश्न पडतो, तो पुस्तकी नव्हे.

हा प्रश्न मी जवळून पाहिला आहे. मी पत्रकारितेत आलो तेव्हा आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचणारी ती माणसे आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही दुरुस्त करीत. संगणक आला आणि वर्षभरात तो विभाग रिकामा झाला. अंक देखणा झाला, खर्च घटला. पण वाचलेल्या पैशाचा वाटा त्या माणसांच्या घरी गेला नाही. संगणक कसा चालतो, हे आम्ही सारे शिकलो. त्याचा लाभ कोणाला मिळावा, हे मात्र कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

तो प्रश्न विचारायला अर्थशास्त्र शिकवते. डेव्हिड रिकार्डो प्रारंभी मानत असे की, यंत्रामुळे सर्वच वर्गांचे हित होते. 1821 साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर नवे प्रकरण घातले आणि यंत्रामुळे कामगाराचे अहित होऊ शकते, अशी प्रांजळ कबुली दिली. मात्र यंत्र रोखावे, असे त्याने म्हटले नाही. तसे केल्यास भांडवल परदेशी जाईल, हा इशाराही दिला. दोनशे वर्षांनंतरही चाकणपुढे हाच पेच आहे. टाचणीच्या कारखान्यातील श्रमविभागणीचे गोडवे गाणारा अ‍ॅडम स्मिथही 1776 च्या त्याच ग्रंथात बजावतो की, जन्मभर एकच क्रिया करणाऱ्याची बुद्धी बोथट होते. म्हणून शासनाने त्याच्या शिक्षणाची काळजी घ्यावी.

परंतु पश्चिमेचे सिद्धान्त जसेच्या तसे स्वीकारावेत, असे मी म्हणत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 साली पुण्यातच, डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात, ते सिद्धान्त सर्व देशांना व सर्व काळाला सारखे लागू नाहीत, हे साधार मांडले. आणि आपला कौटिल्य? त्याच्या 'अर्थशास्त्रा'तील सूत्राध्यक्ष विधवा आणि अपंग स्त्रियांना सूतकताईचे काम देतो, सुताचा पोत पाहून वेतन ठरवतो. वेतन देण्यास विलंब करणाऱ्याला तेथे दंड आहे! उत्पादन आणि करुणा एकाच प्रकरणात नांदतात. 1955 साली भारतीय मजदूर संघ स्थापन करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींचा उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा विचार याच वाटेवरचा आहे.

मग निवड कशी करावी? 'तीस दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्ता' छापाची पुस्तके घेऊ नका. ती कपाटात लागेपर्यंत जुनी होतात. संख्याशास्त्र आणि गणिताची पायाभूत पुस्तके घ्या. या यंत्रबुद्धीचा पाया तोच आहे. त्याच्या शेजारी कौटिल्य, स्मिथ, रिकार्डो आणि रानडे ठेवा. निधी एकाच गटाला पुरत असेल, तर यंदा अर्थशास्त्र घ्या. यंत्राची माहिती रोज नव्याने मिळते. योग्य प्रश्न विचारण्याची शिस्त तशी मिळत नाही.

एक विनंती ज्येष्ठांना. हे ग्रंथ घेऊन नुसते कपाटात बंद करू नका. दर रविवारी एक प्रकरण, आणि ते समजावून सांगायला आपण. यंत्र कसे चालते, हे सांगायला पाळी संपवून आलेला चाकणचा तरुण. दोघे एका सतरंजीवर बसले, तर आपला वाद मिटेलच. शिवाय यंत्र येते तेव्हा माणसाचे काय करायचे, याचे उत्तर शोधायला या उद्योगनगरीत कोठेतरी प्रारंभ होईल. आमच्या छापखान्यात तो झाला नाही, ही खंत मी आज आपल्यापुढे ठेवली.