वसईची मंडळी कोणीं राखिली?



ज्युबिलीच्या दिवशीं संस्थापकांचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे आली, फ्रान्सिस्कन आंतोनियो दो पोर्तो यांनीं या भागांत देवळें उभारिलीं, हें आपण मुलांस शिकवितोंच. परंतु आम्हांस अधिक विचारांत पाडितें तें १७३९ साल. चिमाजी अप्पांच्या सैन्यानें किल्ला घेतला आणि युरोपीय पाद्री निघून गेले. (त्या विजयानें आपले हिंदु शेजारी कां हर्षले, हेंहि प्रांजळपणें समजून घ्यावें, पोर्तुगीज अमलांत त्यांचीं मंदिरें पाडिलीं गेलीं होतीं.)

मागें राहिले शेतकरी, कोळी आणि गोव्याकडील मोजके देशी धर्मगुरु. कांहीं कुटुंबें पूर्वधर्मांत परतलीं, पुष्कळ राहिलीं. राजाचा आश्रय गेला होता, शाळा गेल्या होत्या, मठ ओस पडले होते. तेव्हां लेंकरांस क्रुसाची खूण करावयास शिकविली कोणीं? घरच्या आईबापांनीं, आजीनें. आम्हां धर्मगुरूंस हें कबूल करणें किंचित् जड जातें! पण १८६२ सालीं संतपदास चढविलेला वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया हाहि धर्मगुरु नव्हता. फ्रान्सिस्कन संघांतला साधा ब्रदर होता. त्याचें नांव जगास ठाऊक आहे. १७३९ नंतरच्या त्या आज्यांचीं नांवें आम्हांस कोठेंच सांपडलीं नाहींत. आजचा मिस्सा आम्हीं त्यांच्यासाठीं अर्पिला.